सरकतं कुरण

पुढचा संवाद मी रचला आहे. एका बाजूला मालवणचा मामा आहे. पोरवयात त्याने रापण ओढली, पुढे गिलनेटच्या बोटीवर तांडेल झाला. दुसऱ्या बाजूला त्याची भाची आहे. समुद्रातले पक्षी आणि प्राणी पोट भरायला नेमके कुठे जातात आणि का जातात, याचा ती अभ्यास करते. माणसं कल्पित असली तरी त्यांच्या तोंडची माहिती खरी आहे आणि त्यांचं भांडणही खरं आहे. माझा कल भाचीकडे आहे, हे आधीच सांगतो. पण मामाचं म्हणणं बाजूला सारून या विषयावर काही ठरवू नये, असं मला मनापासून वाटतं.

मामा: तुझं काम मला कळलं ते असं. नकाशावर रेघ मारायची आणि आम्हाला सांगायचं, या रेघेच्या आत जाळं टाकू नका.

भाची: रेघ शेवटी येते, मामा. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर, बर्न्ट आयलंडवर, ब्रायडल्ड टर्न घरटी करतात. एकोणिसाव्या शतकात पक्षीअभ्यासक ह्यूम तिथे जाऊन आला, १९४० साली हुमायून अब्दुलालींनी या पक्ष्यांवर लिहिलं. घराचा पत्ता कधीचा ठाऊक आहे. पण नुसतं घर सांभाळून पिल्लू जगत नाही. त्याच्या चोचीत पडणारी मासोळी कुठल्यातरी पाण्यातून यावी लागते. ते पाणी बिघडलं तर खडकावर कितीही पहारा ठेवा, उपयोग नाही.

मामा: ती सुरय ना? डोक्यावर काळी टोपी, कपाळावरून डोळ्यामागे जाणारा पांढरा पट्टा. ती कुठे खाते ते मी सांगतो, त्याला अभ्यास नको. बाहेर वीस-पंचवीस वावाच्या पुढे गेलं की कधीकधी पाण्यावर लांबच लांब रेघ दिसते. अलीकडचं पाणी हिरवट, पलीकडचं निळं, मधे फेस. त्या फेसात करवंट्या, शेवाळ, ओंडके, चपला, थर्माकोल, सगळं अडकलेलं असतं. ही सुरय त्या ओंडक्यावर बसते. उठते, रेघेवरून खाली उडत जाते आणि वरच्यावर चोच बुडवून बारका मासा उचलते. सूर मारून आत जाताना मी तिला पाहिलेली नाही.

भाची: बरोबर पाहिलंत. दोन वेगवेगळी पाणी भेटतात, जड पाणी हलक्याच्या खाली जातं आणि जे तरंगतं ते वर गोळा होतं. तरंगणाऱ्या वस्तूखाली बारके मासे आसऱ्याला येतात. पण ते बारके मासे हातभर जरी खाली राहिले तरी त्या सुरयेला मिळत नाहीत, कारण तिला बुडी मारता येत नाही. त्यांना वर ढकलणारा कोणीतरी खालून यावा लागतो.

मामा: कुपा येतो. सुरमई येते. डॉल्फिनही येतात. पाणी उकळल्यासारखं होतं.

भाची: म्हणजे त्या पक्ष्याचं ताट कुपा वाढतो. समुद्रात बारका मासा भरपूर असेल, पण कुपे कोणी काढून नेले तर वर पक्षी उपाशी. आम्ही ज्याला चरण्याची जागा म्हणतो ती अशी असते. नुसतं पाणी नव्हे, नुसता मासाही नव्हे. वारा, प्रवाह, बारका मासा, मोठा मासा हे सगळं एकाच वेळी जुळून येतं तेवढ्यापुरती ती जागा असते.

मामा: मग तू माझंच बोलतेस! काल पाहिलेली रेघ आज तिथे नसते. दुपारपर्यंत सुद्धा टिकत नाही कधीकधी. तुझी नकाशावरची रेघ मात्र एकदा सरकारी कागदावर चढली की हलत नाही. १९८७ साली मालवणात सागरी अभयारण्य जाहीर झालं, एकोणतीस चौरस किलोमीटर. त्यानंतर किती वर्षं इथे भीती आणि भांडणं चालली ते तुला घरात ऐकून ठाऊक आहे. ज्यांचं जाळं किनाऱ्याजवळच पडतं त्यांच्याच पाण्यावर रेघ पडली. बाहेर मोठ्या बोटी जे करतात त्याला हात लागला नाही.

इथे मामाचा मुद्दा पक्का आहे. समुद्रातलं संरक्षण बहुतेक ठिकाणी किनाऱ्याजवळ सुरू झालं, कारण तिथे खडक, बेट, प्रवाळ असं बोट ठेवून दाखवता येण्यासारखं काहीतरी असतं. शिवाय किनाऱ्याजवळचा मच्छीमार सापडायला सोपा असतो.

भाची: रेघ चुकीच्या जागी पडली असेल, चुकीच्या पद्धतीने पडली असेल. त्यावरून रेघच नको, असं होत नाही. पण आधी तुमचंच म्हणणं पुढे नेते. १९८९ साली दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांवरच्या काही वाँडरिंग अल्बट्रॉसना उपग्रहाचे ट्रान्समीटर लावले. पक्ष्यांचा असा माग काढण्याच्या पहिल्या यशस्वी प्रयत्नांपैकी तो एक. अंडं उबवण्याच्या काळात, घरट्यावर जोडीदार बसलेला असताना, एका फेरीत हे पक्षी ३,६०० ते १५,००० किलोमीटर फिरून आले. एका जेवणाची फेरी ही!

मामा: पंधरा हजार? पण जाताना कुठे जायचं हे कसं कळतं? चहूकडे पाणीच पाणी.

भाची: एक उत्तर वासाचं आहे. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती बारके प्राणी खाऊ लागले की डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. गॅब्रिएल नेव्हिट यांनी १९९५ साली दाखवलं की पेट्रेल जातीचे काही पक्षी या वासाकडे ओढले जातात. आपल्याकडे पावसाळ्याच्या सुमारास विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल येतो ना, तो त्याच गटातला. अंटार्क्टिकाच्या बाजूला वीण करतो आणि तिथल्या हिवाळ्यात अरबी समुद्रापर्यंत येतो.

मामा: चिमणीपेक्षा थोडा मोठा, काळा, शेपटीच्या मुळाशी पांढरा? पाण्यावर पाय आपटत चालतो तो?

भाची: तोच. चाळीस ग्रॅमसुद्धा भरत नाही बऱ्याचदा. पंख उचलून वाऱ्यावर तरंगतो, पाय पाण्याला टेकवतो आणि पृष्ठभागावरचे कण वेचतो. चोचीवर नळी असते, नाकपुड्यांची. वास घ्यायचा अवयव घेऊनच तो जन्मतो.

मामा: वास आम्हालाही येतो गो. बांगड्याचा मोठा थवा वर आला की वाऱ्याच्या खालच्या अंगाला तेलकट वास लागतो. पाण्याचा रंग गडद होतो, वर बारीक खळबळ दिसते. रात्री पाणी चमकतं, थव्याने हालचाल केली की उजेडाचा पट्टा पळतो. माझ्या बापाकडे फिशफाइंडर नव्हता. तो कुरव बघायचा, सुरय बघायचा, पाणी बघायचा. म्हणून म्हणतो, पक्षी आणि मी एकाच शाळेत शिकलो. तू त्यांना वाचवायला मला बाहेर काढायला निघालीस.

भाची: तुमच्या बापाची नजर आणि पक्ष्याची नजर एकाच खुणांवर होती, हे मान्य. मला चिंता आहे ती खुणा खोट्या पडण्याची. पावसाळी वाऱ्याचा काही जोर किनाऱ्याला समांतर, दक्षिणेकडे लागतो, वरचं पाणी बाहेर सरकतं आणि खालचं थंड, खताने भरलेलं पाणी वर येतं. केरळ-कर्नाटकासमोर याचा जोर, गोव्याच्या उत्तरेला कमी होत जातो. ओमान आणि सोमालियासमोर तर प्रचंड. त्या खतावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांच्यावर तारली, बांगडा. या समुद्राचं वर्षाचं धान्य त्या महिन्यांत पेरलं जातं.

मामा: आणि तेव्हा आमच्या बोटी वर ओढलेल्या असतात. १ जूनपासून बंदी.

भाची: उपग्रहांचीही अर्धी बंदीच असते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था तुम्हाला मासे मिळण्याच्या संभाव्य जागा कळवते, त्या पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा वरून बघून. आभाळ भरलं की हिरवेपणा दिसत नाही. पेट्रेल त्या ढगांच्या खाली असतो. वाऱ्याने भरकटून एखादा मास्क्ड बूबी कोकणच्या किनाऱ्यावर येऊन पडतो, तेव्हा बाहेर कोण चरतंय याची आपल्याला आठवण होते. आता पुढचं ऐका. पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, हेच वर आलेलं पाणी गोवा-कर्नाटकासमोरच्या उथळ भागात प्राणवायू गमावून बसतं. वर माजलेलं सगळं मरून खाली कुजतं ना, त्यात प्राणवायू खर्च होतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने हे मोजलं आणि २००० साली जगापुढे मांडलं. तळाचे मासे गुदमरायला लागले की काय करतील?

मामा: वर येतील. काठाला येतील.

भाची: आणि जाळं भरेल. तांडेल म्हणेल, यंदा मासा उदंड आहे. त्याची खूण बरोबर आहे, मासे खरंच दिसतायत. पण ती सुबत्ता नाही, ती धाप आहे.

मामा: ...असं झालेलं आहे. दोन दिवस टोपल्या पुरल्या नाहीत आणि मग पंधरवडा काही नाही. पण ते तू मला सांगून मी काय करू? माझ्यासमोर मासा आला तर मी हात आवरणार आणि बाजूचा पर्ससीनवाला सगळा थवा गुंडाळून नेणार? २०१६ साली राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ साली केंद्राने एलईडीच्या उजेडात मासे ओढण्यावर बंदी घातली. कागदावर दोन्ही आहेत. रात्री समुद्रावर जाऊन बघ, क्षितिजावर शहर वसल्यासारखं दिसतं.

भाची: एलईडीचा दिवा ही खोटी खूणच आहे, मामा. माशाला खोटी. पेंग्विनची गोष्ट याहून वाईट आहे. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकन पेंग्विन असतात. पिल्लू मोठं झालं की एकटं समुद्रात उतरतं, आईबाप सोबत जात नाहीत. कुठे जायचं हे त्याच्या अंगात असतं: थंड पाणी शोध, हिरवं पाणी शोध. पिढ्यान्‌पिढ्या अशा पाण्यात सार्डिन आणि अँकोव्ही मिळायची. नामिबियाची सार्डिन अतोनात मासेमारीने खलास झाली, दक्षिणेकडचे मासे पूर्वेला सरकले. पाणी मात्र अजून थंड आहे, अजून हिरवं आहे. संशोधकांनी आठ वसाहतींतल्या चोपन्न पिल्लांना टॅग लावले, २०१७ साली निष्कर्ष छापले. बरीचशी पिल्लं त्या जुन्या खुणांमागे त्याच पाण्याकडे गेली. तिथे आता जेलीफिश आहेत. अशा पिल्लांची जगण्याची शक्यता घटली. आज या पेंग्विनच्या वीण करणाऱ्या दहा हजार जोड्याही उरलेल्या नाहीत.

मामा: खूण आहे आणि मासा नाही.

भाची: तेच म्हणतेय मी मघापासून. प्राण्याच्या अंगातली खूण बदलायला हजारो वर्षं लागतात, आपण मासा वीस वर्षांत काढतो. आणि प्लास्टिक! पाण्यात राहून त्यावर शेवाळ चढलं की तेही त्याच डायमिथाइल सल्फाइडचा वास देतं. पेट्रेलला ते जेवण वाटतं.

मला या सगळ्या वादात हीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटते. भूक लागलेला प्राणी चुकत नाही. त्याने वाचलेलं पाणी बरोबर वाचलेलं असतं. त्या पाण्यामागचा व्यवहार आपण बदललेला असतो आणि त्याला ते कळायला मार्ग नसतो.

मामा: किती ठेवायचा मासा त्यांच्यासाठी? आकडा सांग.

भाची: २०११ साली फिलिप क्युरी आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या सात सागरी परिसंस्था आणि चौदा जातींचे पक्षी बघितले. बारक्या माशांचा साठा त्याच्या कमाल पातळीच्या एक तृतीयांशाखाली गेला की पक्ष्यांची पिल्लं वाढणं कमी होतं, असं जवळपास सगळीकडे दिसलं.

मामा: तिसरा हिस्सा. आणि उरलेल्या दोनांत मी, माझा खलाशी, बर्फवाला, मासे विकणाऱ्या बाया, आणि तो पर्ससीनवाला. कमी करताना पहिला हात कोणाच्या ताटाला लागणार ते मला ठाऊक आहे. शिवाय समुद्र स्वतःही खेळतो. केरळात तारलीचं काय झालं?

भाची: २०१२ साली जवळपास चार लाख टन, २०२१ साली साडेतीन हजार टनांच्या आत.

मामा: ते सगळं जाळ्याने झालं?

भाची: नाही. समुद्र तापणं, एल निनो, पावसाचं बिघडणं, याचा वाटा मोठा आहे. पण मासा स्वतःहून घटतो तेव्हाच जाळं सर्वांत जास्त मारतं. पेरूला १९७० साली अँकोव्हेटा सव्वा कोटी टनांच्या आसपास काढला. १९७२ चा एल निनो आला आणि धंदा कोसळला. त्या माशावर जगणारे लाखो समुद्रपक्षीही कोसळले. एल निनो आधीही येत होते, तेव्हा उपासमार व्हायची आणि साठा सावरायचा. त्या वेळी सावरायला पुरेसं शिल्लक राहिलं नव्हतं.

मामा: बरं. पण कुठे बंद करशील ते सांग. गुहागरला टॅग लावलेली ती बागेश्री कासवीण श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. ओडिशात २०२१ साली बिल्ला लावलेली एक कासवीण २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली, पेपरात वाचलं मी. वेळासची प्रथमा कासवीण गुजरातच्या बाजूला गेली. आम्ही जाळं कापून कासव सोडतो, राज्य पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देतं, चांगली योजना आहे. पण एवढा समुद्र तू कुठून कुठवर बंद करणार?

भाची: सगळा नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरट्यात पिल्लू असलेला पक्षी खुंट्याला बांधलेल्या गाईसारखा असतो, दोर पुरेल तेवढंच कुरण त्याचं. पेंग्विनचा दोर वीस-चाळीस किलोमीटरचा. त्या वर्तुळात मासा नसेल तर पिल्लू मेलं. तिथे पक्की रेघ लागतेच. दक्षिण आफ्रिकेत मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने सहा वसाहतींभोवती सार्डिन-अँकोव्हीची मासेमारी दहा वर्षांसाठी बंद केली, आणि ती रेघ मासेमारी उद्योग आणि पक्षीसंस्था यांनी आपसात ठरवली होती.

मामा: आपसात ठरवली. हे महत्त्वाचं. पुढे?

भाची: दोर सुटलेले प्राणी. वीण संपलेले पक्षी, कासवं, देवमासे. ओमानला २०१७ च्या अखेरीस लुबान नावाच्या हंपबॅक देवमाशाच्या मादीला टॅग लावला. ती अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, दक्षिणेकडे गेली आणि परत ओमानला पोहोचली. बाकीचे हंपबॅक चरायला थंड ध्रुवीय पाण्याकडे जातात, अरबी समुद्रातले जात नाहीत. ते इथेच चरतात, कारण पावसाळी वारा इथेच ताट वाढतो. १९६५-६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी यांतले २४२ मारले. त्यांच्या पोटांत इथलेच मासे आणि क्रिल निघाले. उरलेत किती? ओमानसमोर शंभराच्या आत. त्यांच्यासाठी कुठे रेघ मारणार? उत्तर अटलांटिकमध्ये २०२१ साली जवळपास सहा लाख चौरस किलोमीटरचा पट्टा संरक्षित जाहीर केला, जवळ जमीन नाही, खडक नाही. पक्ष्यांच्या पाठीवरच्या टॅगने तो सापडला.

मामा: सहा लाख चौरस किलोमीटर राखायला कोण जाणार?

भाची: राखणदार पक्षीच निघाले एकदा. हिंदी महासागराच्या दक्षिणेत १६९ अल्बट्रॉसना जहाजांचं रडार पकडणारं यंत्र लावलं. पक्षी बोटीजवळ गेला की यंत्र नोंद घेणार. आंतरराष्ट्रीय पाण्यात ज्या बोटी सापडल्या त्यांतल्या एक तृतीयांशाहून जास्त स्वतःची ओळख सांगणारा सिग्नल बंद ठेवून होत्या.

मामा: हे मला आवडलं. असली रेघ मार. चोराच्या पाठीवर मार.

भाची: आणि तिसरा मार्ग तुमच्याच म्हणण्यातून निघतो. पाणी सरकतं तर रेघही सरकू दे. हवाईच्या उत्तरेला २००६ पासून टर्टलवॉच नावाचा नकाशा निघतो. लॉगरहेड कासवं साधारण साडेसतरा ते साडेअठरा अंशांच्या पाण्यात जास्त अडकतात, म्हणून तेवढा पट्टा टाळा, असं बोटींना सांगतात. पाणी सरकलं की पट्टा सरकतो. इथेही तापमान, हिरवेपणा आणि पक्षी एकत्र धरले तर सांगता येईल: या आठवड्यात या रेघेवर दिवा नको, लांब दोरीचे गळ नको. बाकी मोकळं.

मामा: तो नकाशा पर्ससीनवाल्याच्या हातात पडला तर तो थेट तिथेच जाईल.

भाची: हो. याला माझ्याकडे अजून पूर्ण उत्तर नाही. म्हणून तुमच्यासारख्यांच्या नोंदी हव्यात, आणि त्यांवर कोणाचा ताबा राहील हे आधी ठरायला हवं. तुम्ही वही ठेवाल? वेळ, पाण्याचा रंग, कुठला पक्षी, काय करत होता, खाली कुपा होता का.

मामा: ते सगळं लिहीन. जागा लिहिणार नाही.

भाची: जागेशिवाय त्या नोंदी काय कामाच्या, मामा?

मामा: माझ्या बापाने मरेपर्यंत जागा सांगितली नाही, सख्ख्या भावालाही नाही. दहा मैलांचा चौकोन सांगेन.

भाची: पाच.

मामा: दहा. आणि वही रापणकार संघाच्या कपाटात राहील. तुला पाहिजे तेव्हा येऊन उतरवून घे, आणि तुझा नकाशा निघण्याआधी संघाच्या बैठकीत दाखव.

भाची: बैठकीत दाखवीन. पण आठ मैल.

मामा: आठ. आणि एलईडीची बोट दिसली तर तिची नेमकी जागा लिहीन, अंश-मिनिटांसकट.